मागच्या खोलीतली पहिलटकरीण

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण एकनाथराव मंगळवेढेकरांना विचाराल तर ते कलमासकट सांगतील. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. नियम म्हटला की हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या बैठ्या घराची मागची खोली लेकीसाठी, म्हणजे ऋतुजासाठी, फेब्रुवारीपासून सजून बसली होती. रंग झाला होता, सुंभाची बाज नव्याने विणून घेतली होती, शेगडी आली होती. त्यांच्या बायकोने, शकुंतलाबाईंनी, जुन्या सुती साड्यांची बारा दुपटी शिवली होती. डिंक, खारीक, अळीव, ओवा, बाळंतशोपा, वेखंड यांच्या डब्यांनी फडताळ भरलं, तेव्हा रोजच्या चहासाखरेला खिडकीत जागा मिळाली. गंगम्मालाही सांगून ठेवलं होतं. गंगम्मा अक्कलकोटकडची. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि चाळीस दिवस मोकळे ठेवायला ती सहसा कुणाला कबूल होत नाही. मंगळवेढेकरांना झाली होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून ऋतुजाचा फोन आला.

"बाबा, रागावू नका हं. डॉक्टर म्हणतात आता प्रवास नको. आणि सोलापूरला आत्ताच बेचाळीस आहे. नळाला पाणी पाचव्या दिवशी. इथंच करू या ना?"

"बरं," एकनाथराव म्हणाले.

चौतीस वर्षं ज्याने कचेरीत काढली त्याचं 'बरं' म्हणजे फाईल बंद. तीन दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. शकुंतलाबाईंनी गवारीच्या शेंगा मोडता मोडता एकदाच विचारलं, "मग आपणच जाऊ या का पुण्याला?"

"बोलावलंय का आपल्याला?" असं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर कालचा होता.

चौथ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून फुस्स असा आवाज आला. शकुंतलाबाईंना वाटलं साप. एकनाथराव काठी घेऊन गेले, वाकले, आणि बाजेखाली बघून तसेच वाकलेले राहिले. बाजेखाली बारापैकी दोन दुपटी ओढून, त्यावर स्वतःची पिसं पसरून, मंजुळा बसली होती. तिच्या पोटाखालून एक अंडं बाहेर डोकावत होतं.

मंजुळा म्हणजे बदक. एकनाथरावांच्या निरोपसमारंभाला त्यांचा शिपाई, मंद्रूपचा चनमल्लप्पा, शाल-श्रीफळाऐवजी टोपलीत बदकांची जोडी घेऊन आला होता. "सायेब, रिटायर झाल्यावर मानूस खुळा होतोय. कायतरी आवाज पायजे घरात," असं त्याने भर सभेत सांगितलं होतं. नर हात मागे बांधून साइटवर फिरणाऱ्या इंजिनिअरसारखा चालायचा, म्हणून तो रावसाहेब. मादी मंजुळा. दोघं मागच्या अंगणात नळाशेजारच्या सिमेंटच्या छोट्या टाकीत डुंबत आणि कुंड्यांतल्या गोगलगायी खात सुखाने राहत होती. मंजुळा मागच्या खोलीत जाऊन अंडी घालते हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ऋतुजाच्या फोननंतर त्या खोलीत जायचं दोघांनीही टाळलं होतं.

अंडी सात निघाली.

"आता काय करायचं हो?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"काय करायचं म्हणजे? बाळंतपण!" एकनाथराव म्हणाले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जोर आला. त्यांनी लगेच ऋतुजाला फोन लावला. "तू म्हणालीस ना, बेचाळीस डिग्री आणि पाच दिवसांनी पाणी? बघ आता. ह्याच खोलीत, ह्याच उन्हात मंजुळाचं बाळंतपण करून दाखवतो. सातच्या सात."

ऋतुजा आधी हसली. मग म्हणाली, "तिचं पण पहिलंच का बाबा?"

"पहिलंच."

"मग मला रोज सांगा हं."

त्या दिवसापासून ती रोज फोन करायला लागली. आपली चौकशी ती दोन वाक्यांत उरकायची आणि मंजुळाची वीस. एकनाथराव वरून कोरडेपणाने उत्तरं देत, पण सहाच्या फोनसाठी साडेपाचलाच खुर्ची ओढून बसत.

आता पहिलटकरीण ती पहिलटकरीण. मंजुळाला आई व्हायची हौस दांडगी, पण कामाची माहिती शून्य. चार अंड्यांवर बसायची, तीन बाहेर. ती तीन आत ओढायची तर दुसरी दोन घरंगळत दारापर्यंत. कुकरची शिट्टी झाली की उठायची. रावसाहेब अंगणात खाकरला की उठायची. एकदा तर बाहेर पडलेल्या अंड्याकडे बराच वेळ परक्यासारखी बघत उभी राहिली. एकनाथरावांनी ते उचलून तिच्या पोटाखाली सरकवलं, तेव्हा तिने त्यांच्या मनगटाला असा चिमटा काढला की ते मागे सरताना बाजेवर बसले आणि नवं सुंभ तीन ठिकाणी सैल झालं. आठव्या दिवशी घाईघाईने बसताना तिचाच पाय पडून एक अंडं फुटलं. शकुंतलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. एकनाथरावांनी ऋतुजाला "सहा उत्तम स्थितीत आहेत" एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं, पण अहवाल असेच लिहायचे असतात.

मग त्यांनी रजिस्टर घातलं. लाल कापडाच्या पुठ्ठ्याचं, रकाने आखलेलं: दिनांक, उठण्याची वेळ, बसण्याची वेळ, कारण, शेरा. 'कारण' ह्या रकान्यात 'अज्ञात' हा शब्द सर्वांत जास्त वेळा आला. आणि या रजिस्टरामुळेच एक भयंकर गोष्ट उजेडात आली. मंजुळा रोज सकाळी पावणेसातला उठते, टाकीत उडी मारते, डोक्यापासून शेपटीपर्यंत भिजते, आणि तशीच निथळत येऊन अंड्यांवर बसते.

"अगंबाई!" शकुंतलाबाई ओरडल्या. "बाळंतीण आणि गार पाणी? वारं भरेल की तिला! आणि अंड्यांना सर्दी झाली म्हणजे?"

एकनाथरावांनी सल्ल्यासाठी शेजारी हाक मारली. शेजारी महेश्वर सर. कॉलनीचे अध्यक्ष, आणि एकोणतीस वर्षं शास्त्राचे शिक्षक. त्यांनी भिंतीवरून मान काढून प्रकरण ऐकलं आणि खडू धरल्यासारखी बोटं उचलली. "अंड्याला काय लागतं? उष्णता. मी आठवीला शिकवलंय. ओलं अंडं म्हणजे गार अंडं. आणि मंगळवेढेकर, कॉलनीत लोक बादलीभर पाण्याला महाग झालेत आणि तुमच्याकडे बदक टाकीत अंघोळ करतंय, हे शोभत नाही."

एकाच दमात विज्ञान आणि नागरिकशास्त्र दोन्ही आलं. त्याच दिवशी टाकी उपसून झाडांना घातली आणि उपडी करून ठेवली. मंजुळाला प्यायला वाटीभर कोमट पाणी मंजूर झालं. रजिस्टरात शेरा पडला, 'स्नान बंद.' त्या दिवशी ती अठरा दिवसांची बाळंतीण होती. तसं म्हटलं तर बाळंतीण अजून व्हायचीच होती, पण फडताळातले डबे थांबायला तयार नव्हते.

कारण आता शकुंतलाबाईंच्या अंगात आलं होतं. लेकीसाठी आणलेलं सगळं लेकीविना पडून होतं, आणि समोर एक पहिलटकरीण बसलेली. अळिवाची खीर झाली. मंजुळाने चोच घालून फुंकर मारली आणि खीर भिंतीवर उडवली. डिंकाचा लाडू कुस्करून दिला, तो रावसाहेबाने खाल्ला आणि दोन दिवस उपड्या टाकीपाशी उभा राहून विव्हळला. मग आली धुरी. शेगडीवर निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा, दार-खिडकी बंद. दोन मिनिटांत खोलीत एकमेकांची तोंडं दिसेनात. तिसऱ्या मिनिटाला मंजुळा दार उघडण्याची वाट न बघता खिडकीची झडप ढकलून, जाळी फाडून बाहेर पडली, बुटकी भिंत ओलांडून महेश्वर सरांच्या अंगणात उतरली, आणि तिथे बाजेवर वाळत घातलेल्या शंभर एक कुरडयांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. कुरडया अजून ओल्या होत्या. प्रत्येकीवर पावलाचा शिक्का बसला.

महेश्वर सरांच्या मिसेसनी निमूट कुरडया गोळा केल्या, आणि तेच जास्त लागलं. सरांनी मात्र कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, 'रहिवाशांनी जलचर प्राणी स्वतःच्या हद्दीत ठेवावेत.' खाली सतरा जणांनी हात जोडले. चौतीस वर्षांत ज्याच्या टेबलावर एक मेमो आला नाही, त्याला निवृत्तीनंतर बदकापायी मेमो मिळाला. एकनाथराव दोन दिवस दूध आणायला उलट्या रस्त्याने गेले.

पंचविसाव्या दिवशी त्यांनी सरकारी मदत घ्यायची ठरवली. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते रजिस्टर काखेत मारून गेले. डॉक्टर खेड्यात लसीकरणाला गेले होते. टेबलाशी एक शांत कारकून होता.

"पक्षी आणलाय?"

"पक्षी अंड्यावर बसलाय."

"मग केसपेपर कसा निघणार? पेशंट समक्ष पाहिजे."

"पेशंट उठला तर अंडी गार होतील."

"मग अंडी आणा."

"अंडी आणली तर पक्षी काय करेल?"

कारकुनाने विचार केला, छापील वही उघडली आणि गाय, म्हैस, शेळी, कोंबडी या रकान्यांवरून बोट फिरवलं. बदक नव्हतं. "कोंबडीत टाकू का? शेऱ्यात 'पोहणारी' लिहितो. आणि एक साधा अर्ज द्या, दोन प्रतींत."

एकनाथरावांना राग यायला हवा होता. पण त्या माणसाचा चेहरा, तो थंड प्रेमळपणा, हे सगळं त्यांचंच होतं. लोकांना आपण असंच परत पाठवत होतो की काय, असं त्यांच्या मनात आलं आणि ते गुपचूप अर्ज देऊन घरी आले.

त्या संध्याकाळी ऋतुजाचा आवाज बारीक होता. "बाबा, मंजुळाला कळतंय का हो काय करायचं ते?"

"कळेल. वेळ आली की कळतं."

"मला काहीच कळत नाहीये. सगळे म्हणतात आपोआप येतं. मला नाही आलं तर?"

"तिची पिल्लं बाहेर आली की तुला पहिला फोन," एवढं एकनाथराव म्हणाले. फोन ठेवला आणि बराच वेळ ते मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून राहिले. आता ती सहा अंडी नुसती त्यांच्या अब्रूची राहिली नव्हती. पोरगी तिकडे त्यांच्या भरवशावर धीर धरून बसली होती, आणि इथे काही वाईट झालं तर तिला सांगायचं कोणत्या तोंडाने?

अंडी फुटायचे अठ्ठावीस दिवस भरले. काही झालं नाही. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला मुगाएवढं भोक पडलं आणि आतून चिवचिव ऐकू आली. शकुंतलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पण दुपारचे बारा वाजले, चार वाजले, भोक तेवढंच. दुसऱ्या अंड्यालाही तडा गेला आणि तोही तिथेच थांबला. भोकातून आतली पातळ साल दिसत होती, वाळून कागदासारखी झालेली, पिल्लाच्या अंगाला घट्ट चिकटलेली. चिवचिव बारीक होत चालली. आणि मंजुळा? आपल्या पोटाखालचं अंडं बोलायला लागलं म्हटल्यावर ती घाबरून उठली, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. गंगम्मा.

"अक्का, तुमी सांगितलेला दिवस आला की. पोरगी कुटं हाय?"

शकुंतलाबाईंनी कपाळाला हात लावला. ऋतुजा येणार नाही हे गंगम्माला कळवायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी रडत रडत सगळं सांगितलं, लेकीचं आणि बदकाचं एकत्रच, त्यामुळे गंगम्माला थोडा वेळ नक्की कोण अडलंय ते कळेना. मग ती मागच्या खोलीत गेली, खाली बसली, आणि एका अंड्यावरून अंगठा फिरवला.

"यव्वा! हे तर खडखडीत वाळलंय. हिला पानी कुटं हाय?"

"बंद केलं," एकनाथराव म्हणाले. "बाळंतिणीला गार पाणी..."

"अण्णा, बाळंतीन बाईची आन बाळंतीन बदकाची एकच व्हय? आमच्या आज्जीकडं तळ्यावर चाळीस बातुकोळी, म्हंजे बदकं, हुती. ती पान्यातनं भिजून येती आन अंड्यास्नी ओल देती. त्यावर आतली साल मऊ ऱ्हाते. तुमी बारा दिवस हिला कोरडी ठिवली. पिल्लू फाडणार कसं?" मग कोपऱ्यातल्या मंजुळाकडे बघून म्हणाली, "हिला समदं येत हुतं. हिला इचारलं कुनी न्हाई."

एकनाथराव मटकन बाजेवर बसले. रजिस्टर समोरच होतं. त्यांच्याच सुवाच्य अक्षरात, खाली सहीसकट, 'स्नान बंद.' मी मारली ही पिल्लं, असं त्यांना स्वच्छ वाटलं, आणि ते मोठ्याने म्हणालेही.

"मेली न्हाईत आजून. उटा, पानी आना," गंगम्मा म्हणाली.

पण पाणी कुठलं? नळ उद्या यायचा. घरातल्या टाकीच्या तळाशी तांब्या खरवडत होता. एकनाथराव अंगणात गेले, भिंतीजवळ थांबले, आणि त्या मेमोपासून जे नाव घेतलं नव्हतं ते घेऊन हाक मारली, "महेश्वर सर! दोन बादल्या पाणी हवंय. बदकाच्या अंघोळीला."

मग एकनाथरावांनी सगळं सांगून टाकलं, चिवचिवीसकट. महेश्वर सरांची मान वर आली. "ओलावा..." एवढंच पुटपुटले. एकोणतीस वर्षांत आठवीला किती पोरांना आपण निम्मंच सांगितलं, याचा हिशेब बहुधा चालला असावा. मग ते लुंगी वर खोचून दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन स्वतः आले, परत गेले, आणखी दोन आणल्या. मागोमाग त्यांच्या मिसेस घागर घेऊन आल्या. टाकी सुलटी झाली आणि भरली.

मंजुळाने पाण्याचा आवाज ऐकला मात्र. कोपऱ्यातून जी सुटली ती थेट टाकीत. चार बुड्या, एक फडफड, तीन माणसं चिंब. आणि मग कुणीही न सांगता, निथळत, घाईघाईने, ती मागच्या खोलीत शिरली, सहाही अंडी चोचीने एकेक करून आत ओढली, आणि बसली. एकही बाहेर नव्हतं.

सगळे दारात दाटीवाटीने उभे. एकनाथरावांनी रजिस्टर उघडलं. गंगम्माने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"बाळंतिनीच्या खोलीत गर्दी न्हाई. भायेर व्हा समदे." आणि तिने दार लावून घेतलं.

दुपारी तीनपर्यंत चार पिल्लं बाहेर आली, पिवळी, ओली, स्वतःच्याच पायात अडखळणारी. पाचवं अंड्यातच गेलं होतं. त्याला उशीर झाला. शकुंतलाबाईंनी ते जास्वंदीखाली पुरलं. सहाव्याला नुसता तडा होता. पण मंजुळाला चार पिल्लं दिसल्यावर आणखी कशाची शुद्ध राहिली नाही. ती त्यांना मागे घेऊन ऐटीत अंगणात निघाली आणि ते अंडं तसंच मागे राहिलं. नवख्या बदकिणी असं करतातच, गंगम्मा म्हणाली. तिने कोमट पाण्यात दुपट्याचा तुकडा बुडवून पिळला, अंडं त्यात गुंडाळलं आणि एकनाथरावांच्या ओंजळीत ठेवलं. "धरा. दाबू नका, हलू नका, सल्ला देऊ नका."

ते तसे दोन तास बसले. सहाला फोन वाजला. हात मोकळे नव्हते. शकुंतलाबाईंनी फोन त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, झालं का काही?"

"चार आली. एक गेलं, माझ्या चुकीने. एक हातात आहे."

त्याच वेळी ओंजळीतून चिवचिव आली, चांगली ठसठशीत. पलीकडे ऋतुजा हसता हसता एकदम रडायला लागली. "बाबा, मला भीती वाटतेय. तुम्ही दोघं का नाही येत इकडे?"

"तू बोलावलं नाहीस," ते तोंडातून निसटलंच.

"आई-बाबांना बोलवावं लागतं का हो?"

एकनाथरावांनी बायकोकडे बघितलं. तिने महिनाभर पुण्याला जायचा विषय पुन्हा काढला नव्हता आणि आता ती ओठ घट्ट दाबून उभी होती. गंगम्मा दारातून म्हणाली, "म्हायेर म्हंजे भिंती हाय व्हय अण्णा? सकाळी पानी उचलून हिच्याकडं आनलंच की. तसंच म्हायेर बी उचला."

"उद्याच्या सकाळच्या गाडीने येतो," एकनाथराव फोनमध्ये म्हणाले. "तिघं येतो."

पिल्लू साडेसातला बाहेर आलं. मंजुळाने त्याला जरा संशयाने पाहिलं, मग पंखाखाली घेतलं. निघताना एकनाथरावांनी रजिस्टर आणि त्यासोबत आपलं पेन महेश्वर सरांच्या स्वाधीन केलं. पेन ते कुणाला देत नसत. सरांनी जबाबदारी फार गंभीरपणे घेतली. तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आला: पाच पिल्लं, भरलेली टाकी, खाली 'स्नान ६.४५. सर्व हजर.'

ऋतुजाला मुलगी झाली. पाचव्या दिवशी ती दवाखान्यातून घरी आली. पुण्यातही त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. ज्या दोन बायकांचं साखरपुड्यापासून एकाही गोष्टीत एकमत झालं नव्हतं, त्या शकुंतलाबाई आणि ऋतुजाच्या सासूबाई, एका बाबतीत एक झाल्या: खिडक्या बंद, पंखा बंद, डोक्यावरून अंघोळ दहा दिवस बंद. गंगम्मा बाळाला तेल लावत होती. तिने नुसती एकनाथरावांकडे मान वळवली. ऋतुजा घामाने निथळत पडून होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "मला केसांवरून पाणी घ्यायचंय हो."

एकनाथराव उठले. त्यांनी पंखा लावला. खिडकी उघडली. मग मोरीत जाऊन नळ सोडला, बादली भरायला लावली, हात घालून पाणी कोमट आहे का पाहिलं.

"अहो, काय करताय?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "बाळंतिणीला..."

"तिला विचारलं का?"

शकुंतलाबाई थांबल्या. सासूबाईंना काही कळलं नाही, पण त्याही थांबल्या.

"चला, बाहेर व्हा सगळे," एकनाथराव म्हणाले, आणि लेक व गंगम्मा आत ठेवून त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. बाहेर खुर्ची ओढून बसले. आतून पाण्याचा आवाज आला, मग ऋतुजाचा एक मोठा सुखाचा सुस्कारा. सवयीने त्यांनी घड्याळ पाहिलं आणि हात खिशाकडे गेला. खिशात पेन नव्हतं. ते तसेच बसून राहिले.